जानेवारीचा आकडा शून्य

मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. वरिष्ठांची ताकीद होती, की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. तारखांचं काम केन स्मिथ या सहकाऱ्याकडे गेलं आणि त्यांनी जावातला तारखेचा कोड जवळपास जसाच्या तसा इकडे आणला.

त्याबरोबर जुन्या खोडीही आल्या. सी भाषेत महिने ० ते ११ असे मोजतात, तारीख मात्र १ पासून, आणि वर्ष १९०० नंतर किती सरली त्या हिशेबानं. सीकडून जावाकडे आणि जावाकडून जावास्क्रिप्टकडे हा वारसा तसाच उतरला. म्हणून आजही जावास्क्रिप्टचं ‘डेट’ जानेवारीला शून्य म्हणतं आणि डिसेंबरला अकरा. नवशिक्या प्रोग्रॅमरला हे पहिल्याच आठवड्यात अडखळवतं.

वर्षाची खोड जास्त महागात पडली. ‘गेटइयर’ हे फंक्शन १९९६ साली ९६ असं उत्तर देई. कित्येकांनी त्याच्यापुढे ‘१९’ चिकटवून काम भागवलं. २००० उजाडलं आणि उत्तर आलं १००. अनेक पानांवर वर्ष झळकलं १९१००! अमेरिकेची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या संकेतस्थळावरही त्या १ जानेवारीला हाच आकडा दिसला होता.

जावानं स्वतःची चूक लवकर ओळखली. फेब्रुवारी १९९७ मधल्या १.१ आवृत्तीत ‘डेट’मधली बहुतेक फंक्शनं कालबाह्य ठरवली गेली. जावास्क्रिप्टला ती मोकळीक नव्हती. वेबवरचं पान कुणी, कधी लिहिलं याचा पत्ता नसतो, आणि ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये चाललंच पाहिजे. पूर्ण वर्ष सांगणारं ‘गेटफुलइयर’ जोडता आलं, ‘गेटइयर’ काढता आलं नाही. जुनी पानं मोडायची नाहीत, हा निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमत प्रोग्रॅमरांच्या पिढ्यांनी मोजली.

भारतात ही किंमत साडेपाच तासांच्या रूपात वसूल होते. ‘डेट’च्या पोटात असतो एकच आकडा: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, उलटलेले मिलिसेकंद. निव्वळ ‘तारीख’ अशी चीज त्याला ठाऊकच नाही. पुण्यातल्या कुणी फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट ही जन्मतारीख निवडली, की बऱ्याचदा तिची होते १५ ऑगस्टची इथली मध्यरात्र. तीच वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिणाऱ्या ‘टूआयएसओस्ट्रिंग’नं सर्व्हरकडे पाठवली, की होते १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हरनं वेळ गाळून फक्त तारीख ठेवली, तर माणूस कागदोपत्री एक दिवस आधी जन्मतो. उलट, ‘२०२४-०१-०१’ अशी नुसती तारीख वाचायला दिली तर ती जागतिक प्रमाणवेळेतली धरली जाते. मुंबईत पहाटेचे साडेपाच दिसतात, न्यूयॉर्कमध्ये ३१ डिसेंबरची संध्याकाळ. कोड तोच, मशीनही बिनचूक. म्हणूनच ही चूक चाचणीतून सहज निसटते.

२०११ मध्ये आलेल्या ‘मोमेंट’ या लायब्ररीनं हा जाच बराच हलका केला आणि ती जगभर पसरली. तिच्याच एक सांभाळकर्त्या मॅगी जॉन्सन-पिंट यांनी २०१७ मध्ये भाषेचं प्रमाणक ठरवणाऱ्या समितीपुढे दुरुस्ती भाषेतच करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचं नाव ‘टेम्पोरल’. २०२० मध्ये ‘मोमेंट’च्या चमूनंच नव्या कामात आपली लायब्ररी घेऊ नका असं जाहीर केलं. एवढा प्रामाणिकपणा या धंद्यात क्वचित दिसतो.

टेम्पोरलमध्ये निव्वळ तारीख, निव्वळ वेळ आणि ठिकाणासह वेळ यांचे प्रकार वेगळे आहेत. जन्मतारीख तारीखच राहते. जानेवारी एक आहे. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारनं स्वीकारलेली शकगणनेची राष्ट्रीय दिनदर्शिकाही त्यात आहे. मात्र तिचा चैत्र सौर असल्यानं गुढीपाडवा तिच्यावरून काढता येत नाही. मे २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या १३९ व्या आवृत्तीत टेम्पोरल आलं. जुनं ‘डेट’ त्याच्या शेजारी तसंच आहे, आणि त्याला दोन आकडी वर्ष २५ दिलं तर ते आजही १९२५ समजतं.