दुसरा गडी कधी धरायचा?

औसा तालुक्यात शेतावर कायमचा माणूस ठेवायचा दिवस पिढ्यान् पिढ्या एकच होता: गुढीपाडवा. गुढी उभी राहिली, जेवणं झाली की ओसरीवर बैठक बसे. मालक, गडी, गड्याचा बाप किंवा थोरला भाऊ, आणि दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो असा गावातला एखादा जाणता. रोख किती, जोंधळे किती पोती, धोतरजोडी, घोंगडं, पायताण. उचल आत्ता किती आणि पोळ्याला किती. खाडे झाले तर पैसे कापायचे की साल संपल्यावर तेवढे दिवस भरून द्यायचे. घासाघीस संपून पानसुपारी झाली की साल ठरलं. ते सुटायचं पुढच्या पाडव्याला.

औशाच्या भुईकोट किल्ल्याने बहमनी, निजामशाही, मोगल असे धनी पाहिले. 1948 पर्यंत तालुका हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीत फसली सन चालत होता. सालगड्याचं साल मात्र चैत्रातच बदलायचं, कारण ते कचेरीच्या नव्हे, ज्वारीच्या हिशेबाने चाले. रब्बीची ज्वारी फाल्गुनापर्यंत खळ्यातून घरात येई. द्यायला धान्य असे ते तेव्हाच. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. मधल्या दोन-अडीच महिन्यांत नांगरट, कुळवणी, धसकटं वेचणं, शेणखत टाकणं अशी कामं रांगेत उभी असत.

यात मालकाची मोठी गोची होती. पाऊस कसा होणार हे कळण्याआधी दोन महिने पुऱ्या वर्षाचा खर्च अंगावर घ्यायचा. एक गडी धरलेला शेतकरी दुसरा धरताना म्हणूनच दहादा विचार करी. आणि हा विचार, वाटतो तसा, एकरांवरून होत नसे.

तो होई वाफशावरून. इथली जमीन काळी, चिकण. पाऊस पडला की चिखल. औत घातलं तर पाय आणि फण दोन्ही रुततात. चार दिवस ऊन पडलं की ढेकूळ होऊन बसते. या दोन टोकांच्या मधले जे मोजके दिवस जमीन ओलीही असते आणि औत पेलतेही, तो वाफसा. पेरणी त्यातच उरकायची. तिफण धरायला एक गडीमाणूस, चाड्यावर मूठ धरायला बहुतेक घरातली बाई, तुरीची ओळ मोघणातून सोडायची तर मागे आणखी एक जण. बैलजोडी एक असेल तर दिवसाकाठी तिचं रान ठरलेलं. तेवढ्या रानापलीकडचं वाफशात पेरून होत नसेल तर दुसरी जोडी हवी, आणि दुसरी जोडी म्हणजे दुसरा गडी. त्या चार दिवसांत बैल उसने मिळत नाहीत, माणूसही मिळत नाही. गावात प्रत्येकाचा वाफसा एकाच दिवशी येतो.

बाकीच्या हंगामी गर्दीसाठी सालगडी धरणं शहाणपणाचं नव्हतं. खुरपणीला, काढणीला रोजाने बाया मिळत. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. नांगरटीला किंवा मळणीला इर्जिक घातली की गावातली माणसं येत आणि रात्री जेवून जात. थोडक्यात, काम चार दिवसांचं असेल तर शेजार, महिन्याचं असेल तर रोजंदारी, आणि बारमाही असेल तरच साल. विहिरीने हे गणित बदले. मोट आली की बारा महिने एक माणूस तिच्यामागे बांधलेला. बागाईत झालेल्या घरात दुसरा गडी ठरलेलाच असे. दावणीच्या बैलांवरून घरात किती गडी असतील याचा अंदाज सोयरीक जुळवणारेही बांधत.

हैदराबाद राज्यात 1950 मध्ये कूळ कायदा आला आणि या जुन्या हिशेबात एक नवं कारण शिरलं. बटईने जमीन लावावी तर बटईदार उद्या कूळ म्हणून उभा राहील, ही धास्ती. ज्यांना स्वतः औत धरायचं नव्हतं त्यांना सालगडी सोयीचा वाटू लागला: राबणारा तोच, पण कागदावर जमीन घरच्या वाहीत.

हे सगळं मालकाच्या बाजूने सांगणं सोपं आहे. गड्याची बाजू उचलीत अडकलेली होती. मुलीचं लग्न, आजारपण, बापाचं देणं यासाठी घेतलेली उचल साल संपलं तरी फिटत नसे, मग पुढचं सालही त्याच दारात. पहाटे शेणघाण, दिवसभर औत, रात्री ज्वारीची जागल. बायकोने वाड्यावर झाडलोट करायची, ती बऱ्याचदा ठरावात न बोलताच धरलेली. भूमिहीन, त्यातही दलित कुटुंबांच्या वाट्याला हे जास्त आलं. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने कर्जापोटी राबवण्याच्या देशभरातल्या प्रथांची नावं दिली. त्यात हैदराबाद संस्थानाच्या तेलंगणाकडच्या भागातला ‘भागेला’ आहे, सालगडी नाही. प्रत्येक सालगडी वेठबिगार नव्हता हे खरं. पण उचल वाढत जाऊन कुठे सीमा ओलांडली गेली, हे कागदावर कधी दिसत नसे.

1972 च्या दुष्काळात पेरायलाच नव्हतं, तिथे गडी कशाला? मालकांनी साल सोडलं आणि गडी, छोटे शेतकरी, बाया सगळेच पाझर तलावांवर आणि खडी फोडायला गेले. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, 1979 पासून लागू झाला. त्यातून मिळणारी मजुरी फार नव्हती. पण पाडव्याच्या बैठकीत ‘नाहीतर हमीच्या कामावर जातो’ असं म्हणता येऊ लागलं, हे लहानसहान नव्हतं.

बैल गेले तेव्हा प्रथेचा पायाच गेला. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरांत रमलेला गडी एकटा पडतो; कथा कोल्हापूरकडची असली तरी औशात ती थोडी उशिरा घडली एवढंच. इथे तिला सोयाबीनची जोड मिळाली. साडेतीन-चार महिन्यांचं पीक. पेरणी ट्रॅक्टरवर, तण औषधाने, काढणी टोळीला गुत्त्याने, मळणी यंत्रावर. जे काम वर्षभर पसरलेलं होतं ते आता मोजक्या आठवड्यांत गोळा झालं. तीस एकरांचा मालकही सालगड्याशिवाय निभावू लागला; त्याला माणूस लागतो तो एकरी दराने.

याच तालुक्यातल्या किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने आणखी एक ढकल दिली. नव्या गावठाणांत घरं ओळीने उभी राहिली, दावणीला आणि कडब्याच्या गंजीला पूर्वीसारखी जागा राहिली नाही.

तरी सालगडी संपलेला नाही. ज्याच्याकडे ऊस आहे, दुधाची जनावरं आहेत किंवा फळबाग आहे, त्याला आजही बारमाही माणूस हवा असतो. पाडव्याच्या तोंडावर मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ‘सालगडी मिळेना’ अशा बातम्या येतात. सालाचा आकडा लाखाच्या पुढे गेला आहे. ठराव कधी बाँडावर लिहून घेतात, कारण उचल घेऊन पुण्याची गाडी धरणाऱ्याची भीती आता मालकाला आहे. बैठकीत प्रश्नही गडीच आधी विचारतो: शेतावर राहायला पत्र्याची खोली आहे का, मोटारीची लाइट रात्रीची की दिवसाची, दारं धरायला एकट्यानेच जायचं का, म्हशी किती, आणि बायकोने काम केलं तर तिचा पगार वेगळा ना?