नाम आले, क्रियापद राहिले



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केली. त्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मी विद्वान नव्हे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. इंग्रजी मी पाचवीत शिकू लागलो, आणि खऱ्या अर्थाने शिकलो ते आरोपपत्रे, करार आणि न्यायालयाचे निकाल वाचूनच. म्हणून आज इंग्रजी क्रियापदाविषयी बोलावयाचे ठरविले, तेव्हा मित्र हसले. परंतु ह्या विषयात एका माणसाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचा इतिहास कशासाठी सांगतो आहे, हे कळावयाचे नाही.

शहापूर तालुक्यातील एका खेड्यातला एक तरुण आसपासच्या एका कारखान्यात कामाला होता. मराठी शाळेत दहावी झालेला, कामात चोख. आई अत्यवस्थ झाली. साहेबाला इंग्रजीत अर्ज दिला तर लवकर मंजूर होतो, असे कोणी तरी त्याला सांगितले. त्याने लिहिले, ‘आय ॲम लीव्हिंग फ्रॉम मंडे. मदर इज सीरियस. काइंडली ॲक्सेप्ट.’ त्याच्या मनातला अर्थ साधा होता: मी सोमवारपासून लीव्हवर आहे, आई गंभीर आहे, कृपया मंजूर करावे. बारा दिवसांनी तो फाटकावर आला तेव्हा हातात पत्र पडले: तुमचा राजीनामा स्वीकारण्यात आला आहे. इंग्रजीत ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणजे ‘मी रजेवर जात आहे’ नव्हे. ‘मी सोडून जात आहे’. आम्ही भांडलो. दोन वर्षे तारखा झाल्या. अखेर तडजोडीची काही रक्कम मिळाली. नोकरी मिळाली नाही. आईही तोवर गेली होती.

कारखान्याने सोयीचा अर्थ काढला, हे तर खरेच. पण त्याला ती फट कोठे सापडली, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत राहिला. मुलगा अडाणी नव्हता. ‘लीव्ह’ हा शब्द त्याला पक्का ठाऊक होता, आणि घात त्या ठाऊक असण्यानेच केला. आपल्या बोलण्यात ‘लीव्ह’ म्हणजे रजा, म्हणजे नाम. आपण लीव्ह घेतो, लीव्ह टाकतो, लीव्ह मागतो. क्रिया ‘घेणे’ आणि ‘टाकणे’ ह्या मराठी धातूंची असते. त्याच ‘लीव्ह’चे इंग्रजी क्रियापद होते तेव्हा अर्थ पार बदलतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून मी आजच्या व्याख्यानाला नाव दिले आहे: नाम आले, क्रियापद राहिले.

हे आजचे नाही. परक्या राज्यकर्त्यांची भाषा आपल्याकडे नेहमी ह्याच वाटेने आली आहे. फारसीचे उदाहरण घ्या. अर्ज करणे, मंजूर करणे, हजर होणे, दाखल करणे, जप्त करणे, कबूल करणे. ‘बदलणे’, ‘फर्मावणे’ असे थोडे अपवाद सोडले, तर शब्द त्यांचा आणि ‘करणे-होणे’ आपले, असाच हा संसार आहे. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तो दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. नामे बदलण्याचा तो मोठा उद्योग होता. क्रियापदे मात्र बदलण्याचे फारसे कारणच नव्हते, कारण ती बहुतांशी मराठीच राहिली होती.

इंग्रजीनेही तोच रस्ता धरला, आणि आपल्या भागात तर ती अक्षरशः रुळांवरून आली. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. 1855 साली ती वाशिंदपर्यंत आली, 1861 साली कसाऱ्यापर्यंत आणि 1865 साली थळ घाट चढून गेली. तिच्याबरोबर टेसन आले, शिंगल आले, गार्ड, पास, तिकीट आले. 1892 साली तानशाचे धरण पुरे होऊन मुंबईला पाणी गेले, आणि पाइप, व्हॉल्व्ह, पंप हे शब्द आमच्या ठाकर-कातकऱ्यांच्या पाड्यांपर्यंत पोचले. मुरबाडच्या माणसाला आगगाडीसाठी कल्याण गाठावे लागे, तरी शब्द त्याच्याही आधी घरी पोचत. पण क्रियापद? ‘बुक करणे’, ‘फेल होणे’, ‘चेक करणे’. म्हणजे इंग्रजी क्रियापद मराठीत शिरताना दारातच आपला काळ, पुरुष, वचन काढून ठेवते आणि नाम किंवा विशेषण होऊन आत येते. दीडशेहून अधिक वर्षे आपण इंग्रजी शब्द वापरीत आहो. इंग्रजी क्रियापद मात्र चालवीत नाही.

तथापि ज्यांनी ते चालविण्याचा कसून प्रयत्न केला, त्यांचाही इतिहास मोठा आहे. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला. दोन भाषा एकमेकींच्या आरशात पाहाव्यात, अशीच ती योजना होती. त्याआधीच्या वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती. त्या चौकटीत मराठी क्रियापद कोठे बसते आणि कोठे बसत नाही, हे पाहणे त्यांना भाग पडले. पुढे मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून हा विचार पुष्कळ खोलवर नेला. आणि तर्खडकरांचेच नाव मिरविणारी भाषांतर पाठमाला तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी पाठ केली. मराठी वाक्य घ्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे, पुन्हा मराठी करावयाचे, ही तिची रीत. आज ती जुनाट म्हणून हसण्यावारी नेतात. पण तिच्यात एक शहाणपण होते: चूक कोठे होणार, हे मराठी वाक्यावरूनच ओळखता येते.

शाळांचे धोरण मात्र हेलकावे खात राहिले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवण्यात आले. माझ्या पिढीला ते पाचवीपासून मिळाले. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आले. वर्षे वाढली, पुस्तके वाढली. परंतु मजुराच्या अर्जातल्या चुका त्याच राहिल्या. ह्याचे कारण मला असे दिसते की, चूक झाली म्हणून आपण लाल रेघ ओढतो. चूक का झाली, हे सांगत नाही. आणि बहुतेक चुका मूर्खपणाच्या नसतात. त्या मराठी व्याकरणाशी इमान राखल्यामुळे झालेल्या असतात. चार उदाहरणे देतो.

पहिली चूक: ‘आय डिड नॉट वेन्ट’. आपण म्हणतो, ‘मी गेलो नाही’. भूतकाळ ‘गेलो’मध्ये आहे, ‘नाही’ नुसते मागे उभे आहे. म्हणून शिकणारा ‘वेन्ट’ सोडीत नाही. इंग्रजीत भूतकाळाचा शिक्का एकदाच मारावयाचा असतो. ‘डिड’वर तो मारला की पुढचे क्रियापद कोरे ठेवावे: ‘डिड नॉट गो’.

दुसरी चूक: ‘आय ॲम वर्किंग सिन्स टेन इयर्स’. मराठीत ‘2015 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’, दोन्हीकडे एकच ‘पासून’ चालते. इंग्रजी आरंभाला ‘सिन्स’ म्हणते आणि मुदतीला ‘फॉर’. शिवाय जे काम मागे सुरू होऊन आजही चालू आहे, त्यासाठी ‘हॅव बीन वर्किंग’ असे रूप हवे. आता कोणी घाईने ‘आय वर्क्ड फॉर टेन इयर्स’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की नोकरी संपली. ज्याचे सारे भांडण आपली सेवा अखंड आहे ह्यासाठीच आहे, त्याने स्वतःच्या हाताने ती खंडित करून दिली!

तिसरी चूक: ‘ही गो’, ‘शी वर्क’. मराठी क्रियापद फार बोलके आहे. जातो, जाते, जातात. आणि भूतकाळात तर ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’. खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. एवढी घसघशीत रूपे सांभाळणाऱ्या कानाला ‘गोज’मधला शेवटचा बारीक ‘ज’ ऐकूच येत नाही. म्हणून तो कानाने नव्हे, डोळ्याने शिकावा लागतो. कर्ता एक असेल, तो ‘मी’ नसेल आणि ‘तू’ नसेल, तर वर्तमानकाळात शेपूट लावलेच पाहिजे, असा नियम घोकावा.

चौथी चूक सर्वांत घातक. ‘सुपरवायझरने मला मारले’. मारणाऱ्याला ‘ने’ आहे, मार खाणाऱ्याला ‘ला’ आहे. शब्द कसेही मागेपुढे करा, अर्थ ढळत नाही. इंग्रजीत ही जबाबदारी शब्दांच्या जागेवर आणि क्रियापदाच्या रूपावर असते. एका चौकशीतील जबाबात मी वाचले आहे: ‘आय बीट बाय सुपरवायझर’. त्यातला ‘वॉज’ गळला होता आणि ‘बीटन’चे ‘बीट’ झाले होते. पहिले दोन शब्द वेगळे काढून वाचले, तर मार खाणाराच मारणारा ठरतो. सुदैवाने त्या वेळी चौकशी अधिकारी समंजस निघाले. परंतु कामगाराची भाकरी समोरच्याच्या समंजसपणावर टांगून ठेवणे बरे नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग इंग्रजीत लिहावेच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेही उत्तर इतिहासात आहे. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगासाठी तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास मदत, अशा त्या मागण्या होत्या. लोखंडे ‘दीनबंधु’ मराठीत चालवीत आणि साहेबाशी साहेबाच्या भाषेत व्यवहार करीत. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. सभेची भाषा मराठी आणि सरकारदरबारची इंग्रजी, हे दोन्ही त्यांनी पेलले म्हणून ते घडले.

कायद्यानेही ही अडचण ओळखली होती. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात, नोकरीचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावावेत, अशी स्पष्ट तरतूद होती. 1964 साली महाराष्ट्राने राजभाषा अधिनियम करून राज्यकारभारासाठी मराठीला मान दिला. तेव्हा माझे पहिले सांगणे हे की, ज्या कामगाराला इंग्रजीची खात्री नाही, त्याने अर्ज, खुलासा, जबाब निःशंकपणे मराठीत द्यावा. त्यात कमीपणा नाही. त्या मुलाने ‘सोमवारपासून रजा मिळावी’ एवढे तीन शब्द लिहिले असते, तर त्याची नोकरी राहिली असती.

पण दुसरे सांगणेही तितकेच आग्रहाचे आहे. लिहावयाचे टाळता येईल. वाचावयाचे टाळता येणार नाही. करार इंग्रजीत समोर येतो, आणि त्यात ‘मॅनेजमेंट शॅल पे’ असते किंवा ‘मॅनेजमेंट मे कन्सिडर’ असते. नामे तीच, रक्कम तीच. पण पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मर्जी. हा फरक आपल्याला परका नाही. ‘देईल’ आणि ‘देण्याचा विचार करू शकेल’ ह्यांतले अंतर आमची म्हसे येथील जत्रेत बैल विकणारी म्हातारी माणसेही ओळखतात. तिथे ‘बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती दावे कोणी देत नाही. मग कराराच्या कागदावर सही करतानाच आपण एवढे भोळे का होतो? कारण आपण नाम वाचतो, आकडा वाचतो आणि क्रियापदावरून डोळा पुढे सरकतो.

म्हणून आमच्या बैठकीत आम्ही एक साधी सवय लावून घेतली आहे. कोणताही इंग्रजी कागद आला की प्रथम प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली रेघ ओढावयाची आणि चार प्रश्न विचारावयाचे. करणारा कोण? केव्हा? काम पुरे झाले की चालू आहे? आणि करणे भाग आहे की मर्जीचे आहे? चारही उत्तरे मराठीत लिहून झाल्याखेरीज सही करावयाची नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी उलटा क्रम: आधी वाक्य मराठीत लिहा, त्यातले क्रियापद हेरा, आणि ‘करणे’, ‘घेणे’, ‘होणे’ ह्यांच्या सावलीत एखादे इंग्रजी नाम तर उभे नाही ना, ते पाहा. असल्यास तेथेच थांबून कोशात पाहा. हीच जुन्या पाठमालेची रीत. आम्ही ती शाळेतून काढून कामगारांच्या बैठकीत आणली, एवढेच.

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. मला त्या दुधाचे स्तोम माजवावयाचे नाही. ज्याला ते मिळाले नाही तो दुबळा, असेही मी मानीत नाही. ज्याच्या मायबोलीत क्रियापद एवढे समर्थ आहे, त्याला दुसऱ्या भाषेचे क्रियापद न पेलण्याजोगे नाही. मात्र ते आपोआप येत नाही. नामासारखे ते गाडीतून उतरून घरी चालत येत नाही. त्याला जाऊन आणावे लागते.

तो मुलगा आता शहापुरात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान चालवितो. मध्यंतरी त्याची मुलगी शाळेची वही घेऊन माझ्याकडे आली होती. बापाने तिला पाठविले होते, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात दोन वाक्ये होती: ‘टेक लीव्ह’ म्हणजे रजा घेणे, ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे. खाली जाड रेघ ओढली होती.