बिनबोलावलेल्यांचा रंगमंच

१९४७ साली एडिंबरो येथे आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना तेथे दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. त्यातूनच ‘फ्रिंज’ महोत्सव उभा राहिला. याच महोत्सवात १९८२ साली हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ने ‘चरणदास चोर’ हे छत्तीसगढी नाटक केले आणि ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवला.

या यशाचे मूळ एका चुकीच्या कबुलीत आहे. नागपुरात शिकलेले आणि लंडनच्या ‘राडा’त नाट्यशिक्षण घेतलेले तन्वीर १९५८ पासून छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील कलावंतांना घेऊन नाटके करीत होते. पण गावच्या मंचावर रंगणारे हे कलावंत त्यांच्या नाटकांत अवघडत. आपण त्यांच्या तोंडी परकी हिंदी घालतो आणि त्यांच्या हालचालीही आखून देतो, हे तन्वीरांना बऱ्याच वर्षांनी उमगले. मग त्यांनी दोन्ही बंधने काढली.

१९७५ चे ‘चरणदास’ हे त्याचे फळ. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेतला हा चोर गुरूला दिलेला शब्द राणीपुढेही मोडत नाही आणि प्राणाला मुकतो.

परदेशी प्रयोगासाठी बोली सोडावी लागते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. परक्या भाषेत हे कलावंत स्वदेशातच अडखळले होते. स्वतःच्या बोलीत ते एडिंबरोतही मोकळे झाले.