खेळणं कपाटात होतं की पोराच्या हातात?

"खेळातून शिक्षण" असा विषय घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या शाळेत, कधी, कोणती खेळणी आली? प्रश्न चुकीचा नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने अर्धाच आहे. उरलेला अर्धा कसा शोधायचा, ते धाराशिव जिल्हा समोर ठेवून बघू.

सुरुवात तेरपासून करू. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातली मोठी बाजारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजलेल्या मातीच्या लहान आकृती आहेत. आता सांगा, अशी एखादी आकृती खेळणं होती की देव? वस्तू समोर आहे, तिची माती तपासता येते, काळाचा अंदाज बांधता येतो. पण ती कुणाच्या हातात होती आणि त्या हाताने तिचं काय केलं, हे ती स्वतःहून सांगत नाही. वस्तू उरते, वापर उरत नाही. हीच अडचण कालपरवाच्या शाळेचा इतिहास लिहितानाही येते.

बांधणीच्या खेळण्यांचा नेहमीचा इतिहास कसा सांगितला जातो? जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि लाकडी ठोकळ्यांचे संच दिले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्टच्या खेळाचं पेटंट घेतलं. तोच पुढे मेकॅनो झाला. १९५८ मध्ये लेगोच्या आजच्या विटेचं पेटंट आलं. या कथेत पेटंट आहे, कॅटलॉग आहे, जाहिरात आहे. म्हणजे कागद आहे. आणि ज्याचा कागद, त्याचा इतिहास. म्हणून विकत घेतलेली खेळणी इतिहासात ठळक दिसतात आणि हाताने केलेली दिसत नाहीत.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने गेली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची साधनं सुबक असतात, पण महाग. गावातल्या बालवाडीला ती परवडणार कशी? मग शंखशिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. याला निव्वळ काटकसर म्हणू नका. शिंपला हरवला तर दुसरा आणता येतो, त्यामुळे मूल बिनधास्त हाताळतं आणि बाईंनाही धास्ती राहत नाही.

दुसरा टप्पा १९७८ चा. आयआयटी कानपूरमधून शिकलेले आणि पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला होता. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एकत्र आणल्या. नळीचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडी. दोन काड्यांच्या सांध्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडलं की तिसरी काडीही बसते. चौकोन करून दाबा, तो तिरपा होतो. त्रिकोण करून दाबा, हलत नाही. पुलाच्या सांगाड्यात आणि विजेच्या टॉवरमध्ये त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून अशी शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये सरकारने बंद केला.

आता आपल्या शिवारात या. रब्बीची ज्वारी काढली की पोरं धाटं घेऊन बसायची आणि बैलगाडी करायची. धाटाची वरची साल सोलली की कडक, लवचीक पट्टी मिळते. आतला गाभा मऊ असतो, त्यात पट्टी खुपसली की घट्ट बसते. जरा थांबून बघा: मऊ सांधा आणि ताठ दांडी. व्हॉल्वची नळी आणि काडी यांचं तत्त्व हेच. फ्रोबेलच्या पद्धतीतही भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडण्याचा एक खेळ होता. तीन ठिकाणी एकाच युक्तीची तीन रूपं. फ्रोबेलच्या वाटाण्यांवर ग्रंथ आहेत, काड्यांच्या खेळावर गुप्तांचं पुस्तक आहे. धाटाच्या गाडीचा कागद नाही, कारण ती चार दिवसांत वाळायची, मोडायची, नाहीतर जनावराच्या पुढ्यात जायची.

या सगळ्याचा आजच्या शाळेशी काय संबंध? २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून निवडक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत होता, म्हणजे इथे अशा योजनांचं मोजमाप जास्त होतं. आणि मोजलं काय जातं? लॅब आहे का, साहित्य आलं का. म्हणजे पुन्हा वस्तूच, वापर नाही.

वापर कुठे सापडेल? शाळेतलं डेडस्टॉक रजिस्टर उघडा. त्यात तारीख, वस्तू, नग, किंमत, शेरा असं सगळं असतं. नवशिका संशोधक "किती आलं" ते उतरवून घेतो. तुम्ही "किती मोडलं" ते बघा. मोडलेल्या वस्तूचं निर्लेखन करायचं तर मंजुरी लागते, जबाबदारी अंगावर येते. मग कपाटाला कुलूप लावणंच सोपं. एखाद्या बांधणीच्या संचातला एकही तुकडा दहा वर्षांत हरवला नसेल, तर ती काळजीची गोष्ट आहे. तुटफूट हा वापराचा पुरावा असतो.

अर्थात घाईने निष्कर्ष काढू नका. मोडलेला भाग शिक्षकाने खिशातून आणून गुपचूप भरलाही असेल. म्हणून रजिस्टरच्या जोडीला दोन साधनं हवीत. एक, संच स्वतः: भोकांच्या कडा झिजल्यात का, स्क्रूच्या खाचा बोथट झाल्यात का? दोन, माणसं: त्या वर्गातली मुलं आज मोठी आहेत, शिक्षक निवृत्त झालेत, पण गावातच आहेत. १९४८ च्या आधीच्या शाळांबद्दल काम करणार असाल, तर हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता हे लक्षात ठेवा. उर्दू वाचता येणारी व्यक्ती सोबत लागेल आणि हैदराबादच्या अभिलेखागाराची एक फेरी ठरलेली.

मुलाखतीत "तुम्ही खेळातून विज्ञान शिकलात का?" असं विचारू नका. समोरचा आदराने "हो" म्हणेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. "चाक कशाचं केलं होतं? ते फिरेना तेव्हा काय केलं? कुणी दाखवलं?" असं विचारा. मुलगे आणि मुली दोघांनाही विचारा. गाडी कोण करायचं, कोण नुसतं बघायचं आणि कुणाला तेवढा वेळच मिळायचा नाही, हाही इतिहासच आहे. जमलं तर सुगीच्या दिवसांत जा आणि आजोबांच्या, आजीच्या हातात धाट द्या. तोंडाने न आठवलेलं हात करून दाखवतात. परवानगी घेऊन त्या हातांचा व्हिडिओ करा. तारीख, गाव आणि धाट कोणत्या ज्वारीचं, एवढं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. ज्या खेळण्याचा कागद नव्हता, त्याचा पहिला कागद तो असेल.