कारखान्याशिवाय उभी राहिलेली कंपनी

आपल्या मोबाइलच्या आत नखाएवढे सिलिकॉनचे तुकडे असतात, त्यांना चिप म्हणतात. हा धंदा रुजला अमेरिकेत. १९५७ साली आठ जण नोकरी सोडून एकत्र आले, प्रत्येकाने पाचशे डॉलर घातले. मोठं भांडवल बाहेरून मिळालं आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. पुढे चिपचा कारखाना इतका महाग झाला, की नव्या माणसाला त्यात शिरणं कठीण झालं.

सुहास पाटील यांनी वाट काढली. जमशेदपूरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले पाटील अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९८१ साली त्यांनी पाटील सिस्टिम्स काढली. तीच पुढे सिरस लॉजिक झाली. चिपचा आराखडा कंपनीचा, चिप बनायची दुसऱ्यांच्या कारखान्यात. आज जगातल्या कित्येक नामांकित चिप कंपन्या याच रीतीने चालतात.

आर्वीतल्या आपल्या गटांचं बोलणं इथंच अडतं. यंत्र नाही, मग धंदा कसा? पण मसाल्याचं प्रमाण आपण ठरवतो आणि दळून आणतो गिरणीवरून. तेव्हा आधी आपलं प्रमाण, आपली चव आणि आपलं नाव पक्कं करू. गिऱ्हाईक बांधलं गेलं, की यंत्राच्या कर्जाचं बघू.