कवी गोविंद आणि कलम १२१

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र टोळी उभारून बंड केले. १८७९ मध्ये त्यांना जन्मठेप काळे पाणी सुनावले गेले. १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला. १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळे पाणीच झाले, तेही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल. ‘लघु अभिनव भारत माला’ ही ती पुस्तिका; तीत कवी गोविंदांच्या रचना होत्या. शस्त्राला आणि पदाला सरकारने एकाच तागडीत का घातले?

गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६) पायांनी अधू होते. आरंभी ते लावण्या रचत. सावरकर बंधूंच्या सहवासात त्यांच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेसाठी लिहू लागल्यावर विषय बदलला, हत्यार तेच राहिले. ठेक्याची जाण, एका दमात म्हणता येणारी ओळ, साऱ्यांनी मिळून उचलायचे पालुपद ही लावणीची कमाई त्यांनी स्वातंत्र्याच्या कामी लावली. त्यांच्या राजकीय कवितेचे खरे बळ मला इथेच दिसते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही असे पद ऐकून पाठ होते, आणि पाठ झालेल्या पदावर जप्ती चालत नाही.

बाबारावांवरच्या खटल्यात भारतीय दंड संहितेचे कलम १२४अ, म्हणजे राजद्रोह, होतेच. पण जन्मठेप झाली ती कलम १२१ खाली. राजाविरुद्ध युद्ध करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला चिथावणी देणे, हे सारे त्या एका कलमात बसे. प्रत्यक्षात युद्ध झालेच नाही, मग चिथावणी कसली? उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकरांनी हा मुद्दा फेटाळला: चिथावणीचा गुन्हा पुरा व्हायला युद्ध पेटावे लागत नाही. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे घेऊन चालू सरकारविरुद्धच युद्धाचा उपदेश केला आहे, असा कवितांचा अर्थ त्यांनी लावला. काव्यार्थ म्हणून तो अचूक आहे, हे मान्य केले पाहिजे. गोविंदांना तेच म्हणायचे होते. अन्याय होता तो शब्दाला कृतीची शिक्षा देणाऱ्या कायद्यात. शिक्षा कायम झाली आणि तिचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला.

तेलुगू कवी गरिमेल्ला सत्यनारायण असहकाराच्या काळात गाण्यापायी स्वतः तुरुंगात गेले. इथे ती शिक्षा प्रकाशकाने भोगली. बाबाराव १९२२ मध्ये सुटले. गोविंदांना पुढे चारच वर्षे लाभली. मृत्यूला सामोरे जाणारी ‘सुंदर मी होणार’ ही कविता त्या अखेरच्या काळातली.