तालमीत कशासाठी जावे?
(एक ऐतिहासिक विचार)

आपल्या मंडळाच्या चालकांनी स्मरणिकेसाठी ‘तरुणांना उपयोगी पडेल असे काही इतिहासातले लिहा’ अशी आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक, संशोधक नव्हे. तथापि एका प्रश्नाने मला आयुष्यभर सोबत केली आहे. तोच ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवतो.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका तालमीत मी प्रथम गेलो, तेव्हा वस्तादांनी माझे नाव, गाव वा जात यांपैकी काहीच विचारले नाही. “बाळ, कशासाठी आलास?” एवढेच ते म्हणाले. माझे उत्तर तयार होते. बदलापूर स्टेशनावरून घरी येताना अंधारात दोघा गुंडांनी माझ्या वडिलांचा पगार हिसकावून घेऊन त्यांना मारले होते, आणि मी चौदा वर्षांचा मुलगा बाजूला थरथरत उभा राहिलो होतो. “सूड घ्यायला,” मी सांगितले. वस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “आधी हौद्यातली माती खण,” म्हणाले.

त्या तालमीत नाना ठिकाणची मुले होती. बदलापूरकडील शेतकऱ्यांची होती, अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगारांची होती. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आसरा मिळालेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव लाभलेल्या वसाहतीतील सिंधी कुटुंबांचीही होती. कोणाला पोलीस भरती गाठायची होती, कोणाला जत्रेतील फडावर नारळ मिळवायचा होता, तर कोणी केवळ भीतीपोटी आला होता. पुढे इतिहास वाचताना ध्यानात आले की, वस्तादांचा तो प्रश्न महाराष्ट्रातील तालमींना नवा नव्हता.

पुण्याच्या गंजपेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम या बाबतीत चिरस्मरणीय आहे. लहुजींचा जन्म १७९४ सालचा, मांग समाजातील. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील राघोजी धारातीर्थी पडले, असे सांगतात. इंग्रजी राज्य उलथून टाकावे, हा लहुजींचा ध्यास होता. त्यांच्यापाशी दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकण्यास निरनिराळ्या जातींचे तरुण येत. ज्या काळी शिवाशिवीने माणूस माणसापासून तोडला होता, त्या काळी वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या मुलांनी एका मांग वस्तादाच्या पायांवर मस्तक ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १८७९ साली ज्यांच्या बंडाने सरकार हादरले, ते वासुदेव बळवंत फडकेही त्यांचेच शिष्य म्हणून ओळखले जातात.

याच तालमीत तरुणपणी जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व निशाणबाजी यांचे शिक्षण घेतले. ते कशासाठी, हे त्यांनी स्वतःच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त प्रांजळपणे नमूद केले आहे. इंग्रज सरकारास पालथे घालावे, हा तेव्हा त्यांचा हेतू होता. परंतु पुढे विचारांती त्यांची दृष्टी पालटली. घरातच मनुष्य मनुष्याला गुलाम करून ठेवतो, ती बेडी आधी तोडली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लहुजी या शिक्षणकार्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या नात्यातील मानली जाणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकली, आणि मांग-महारांच्या दुःखावरील तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. म्हणजे वस्ताद तेच, शिष्यही तोच; मात्र तालमीचे कारण बदलले.

फुल्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली १८५६ सालची एक हकीकत येथे आठवते. रात्री दोन मारेकरी त्यांच्या घरात शिरले. जोतीराव जागे झाले. दांडपट्ट्यात तयार झालेल्या त्या पुरुषाने हत्यार मात्र उचलले नाही. त्यांनी मारेकऱ्यांशी बोलणे केले, आणि ते दोघे त्यांच्या पायांशी नमले. पुढे त्यांतील एक त्यांचा रक्षक झाला, तर दुसरा सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्या रात्री जोतीरावांची तालीम खरी कामास आली, कारण भिणाऱ्या माणसाला इतक्या शांतपणे बोलता येत नाही.

ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. त्याआधी माझ्या हातून एक अपराध घडून गेला होता. मी नव्याने शिक्षक झालो होतो. दंडात बळ होते आणि त्याचा गर्वही होता. एका मुलाने वर्गात उलट उत्तर दिले, म्हणून मी त्याच्या कानशिलात अशी लगावली की पोर बाकावरून खाली पडले. बातमी वस्तादांच्या कानी गेली. संध्याकाळी मी तालमीत गेलो, तो ते दारातच उभे. “मास्तर, कशासाठी आला होतात?” त्यांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. “त्या पोराच्या घरी जा. मग या.” मी गेलो. मुलाच्या आईपुढे हात जोडले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कोणा विद्यार्थ्यावर हात उगारला नाही. वडिलांना मारणारे ते गुंड मला पुन्हा कधीच भेटले नाहीत. पण त्या दिवशी आरशात मला त्यांचा एक भाऊबंद दिसला होता.

आज आपल्या भागात लाल मातीच्या तालमी थोड्या उरल्या असून कराटे-ज्युदोचे वर्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, आणि २० तारखेला संतप्त लोकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली. मुलींना स्वसंरक्षण शिकवावे, असे तेव्हा जो तो म्हणू लागला. मुलींनी अवश्य शिकावे. माझी नातही शिकते. परंतु बालवाडीतील पोरीने स्वतःचे रक्षण कसे करावे? ते काम तिच्या भोवतीच्या मोठ्यांचे आहे. तेव्हा ‘कशासाठी?’ हा प्रश्न मुलींपेक्षा आपल्या मुलग्यांना आधी विचारला पाहिजे.

तरुण मित्रहो, तालमीत जरूर जा. सूडासाठी, भीतीपोटी, नोकरीसाठी, कोणत्याही कारणाने जा. पहिले कारण क्वचितच शुद्ध असते, माझेही नव्हते. मात्र दर वर्षी एकदा त्या कारणाची तपासणी करीत जा. ज्याच्या बळामुळे शेजारचे दुबळे माणूस निर्धास्त झोपते, त्याचीच तालीम सफल झाली असे समजावे. वस्ताद आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते हे. ते आपल्या स्वाधीन करून रजा घेतो.